गाडीत कुठलं ब्रेक ऑइल टाकायचं? नवीन गाडीवाल्यांसाठी सगळं नीट

स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन "दादा, ब्रेक ऑइल द्या" म्हटलं की काउंटरवरचा माणूस विचारतो, "डॉट थ्री देऊ का डॉट फोर?" आणि पहिल्यांदा गाडी घेतलेला माणूस तिथंच अडकतो, मग "जे चांगलं असेल ते द्या" म्हणतो नाहीतर जे महाग आहे ते उचलून घरी येतो. हा लेख त्या माणसासाठी आहे. सेकंडहँड गाडी घेतली असेल, आधीच्या मालकानं काय टाकलंय काय माहीत नसेल, तर तुमच्यासाठी तर नक्कीच.

मी या विषयाच्या एवढा मागे का लागलो ते आधी सांगतो. मे महिन्यात महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळी घाटानं उतरत होतो, मामांची गाडी, पाच माणसं आणि डिकी भरून सामान, चालवत मी होतो. गाडी सहा वर्षांची आणि सर्व्हिसिंग वेळच्या वेळी केलेलं, इंजिन ऑइल, फिल्टर, सगळं. प्रतापगडाचा फाटा मागे पडल्यावर एका वळणाआधी ब्रेक दाबला तर पेडल नेहमीपेक्षा आत गेलं, पुढच्या वळणाला अजून आत, आणि तिसऱ्यांदा पाय थेट मॅटला टेकला, गाडी मात्र थांबायचं नाव घेईना. पटापट तीन-चार वेळा पंपिंग केलं तेव्हा थोडा दाब आला, सेकंडवरून फर्स्टला टाकली, हँडब्रेक हळूहळू ओढत डोंगराच्या बाजूला गाडी लावली. मागे मामी आणि दोन लहान मुलं, कुणी काही बोलत नव्हतं.

आता पुढचं नीट वाचा, कारण यातच सगळा घोळ आहे. पाऊण तास थांबलो, ब्रेक गार झाले आणि पेडल पुन्हा टणक! जणू काही झालंच नाही. हळूहळू खाली उतरलो, एका गॅरेजमध्ये दाखवलं, तिथल्या माणसानं उभ्या गाडीत पेडल दाबून बघितलं आणि म्हणाला ब्रेक ओके आहे, पॅड पण आहेत, काही प्रॉब्लेम नाही. आणि तो खोटं बोलत नव्हता, त्या क्षणी खरंच प्रॉब्लेम दिसत नव्हता. घरी आल्यावर आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी बोनेट उघडलं, ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढलं, टॉर्च मारली, आत कडक चहासारखा रंग. "हे कधी बदललंय?" मामांना आठवेना, कारण बदललंच नव्हतं. सहा वर्षं.

तर सुरुवात नावापासून करू. आपण सगळे ब्रेक ऑइल म्हणतो, मीही तोंडानं तेच म्हणतो, दुकानातही तेच चालतं, पण ते ऑइल नाहीये, त्याचं खरं नाव ब्रेक फ्लुइड. आपल्या नेहमीच्या गाड्यांत जे असतं तो ग्लायकॉल जातीचा द्रव आहे, तेलाशी त्याचं काही नातं नाही, उलट तेल हे त्याचं शत्रू आहे. ऑइल म्हटलं की डोक्यात बसतं की कुठलंही ऑइल थोडं टाकलं तर चालेल, इंजिन ऑइल उरलंय, पॉवर स्टिअरिंगचं उरलंय, तेच टाका. असं कधीही करू नका. ब्रेकच्या आतले रबर, म्हणजे मास्टर सिलिंडरचे (पेडलला जोडलेला, फ्लुइड ढकलणारा भाग) वॉशर, कॅलिपरची (चाकापाशी पॅड दाबणारा भाग) सीलं, होजपाइप, हे ग्लायकॉल सहन करणाऱ्या रबराचे बनवलेले असतात आणि खनिज तेल लागलं की ते फुगतात. फुगलं की ब्रेक जाम होतो किंवा गळायला लागतो आणि मग नुसतं फ्लुइड बदलून भागत नाही, मास्टर सिलिंडर, होज, कॅलिपर किट, जिथं जिथं रबर आहे ते सगळं बदलावं लागतं. सेकंडहँड गाडी बघायला गेलात तर एक सोपी खूण सांगतो, फ्लुइडच्या डबीचं झाकण उघडा, त्याच्या आतला रबरी पडदा बघा, तो ताणून लांब झालेला, लोंबलेला असेल आणि परत झाकणात नीट बसत नसेल तर आत कुणीतरी कधीतरी तेल टाकलंय असा दाट संशय घ्या. ती गाडी तशीच घेऊन येऊ नका.

काम काय करतो हा द्रव? पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर फ्लुइड ढकलतो, पाइपातून तो दाब चाकापर्यंत जातो, तिथला पिस्टन पॅडला डिस्कवर दाबतो. द्रव दाबून आकसत नाही म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चाकाला पोचतो. पण आत बुडबुडे असतील, हवेचे किंवा वाफेचे, तर वाफ आकसते. पायाचा सगळा जोर त्या बुडबुड्यांना दाबण्यात जातो आणि चाकाला काहीच मिळत नाही. घाटात आमचं हेच झालं होतं. आणि गाडी गार झाली की वाफेचं परत पाणी होतं, पेडल टणक होतं, म्हणून गॅरेजमध्ये काही सापडत नाही.

पण उकळलं कशामुळे? तर पाण्यामुळे. हे ग्लायकॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, मिठाची बरणी पावसाळ्यात कशी ओली होते तसंच समजा. डबीच्या झाकणाला हवेसाठी बारीक वाट असते, रबरी होजमधूनही सूक्ष्म ओलावा आत झिरपतो, गाडी चालवा नाहीतर पार्किंगमध्ये उभी ठेवा, पाणी वाढतच राहतं. म्हणून "माझी गाडी फक्त पाच हजार चाललीय" हे कारण इथं उपयोगाचं नाही. कोकणात, मुंबईत, गोव्यात, जिथं वर्षातले चार महिने कपडे वाळत नाहीत, तिथं तर अजिबात नाही.

आता निवडायचं कसं ते पायरीपायरीनं बघू.

पायरी १: आधी झाकण वाचा, मग दुकानात जा

बोनेट उघडा. ड्रायव्हरच्या बाजूला मागे, काचेच्या जवळ, एक अर्धपारदर्शक पांढरट प्लॅस्टिकची छोटी डबी दिसेल, वर झाकण, बाजूला मॅक्स आणि मिन अशा दोन रेघा. बहुतेक गाड्यांत त्या झाकणावरच लिहिलेलं असतं, डॉट ३ किंवा डॉट ४, आणि सोबत सूचना असते की फक्त सीलबंद डब्यातलंच वापरा. काही गाड्यांत झाकण पुसट झालेलं असतं किंवा आधीच्या मालकानं दुसऱ्याच गाडीचं झाकण लावलेलं असतं, म्हणून मॅन्युअल पण बघा. मॅन्युअल हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या साइटवर पीडीएफ मिळतं. झाकण आणि मॅन्युअल दोघांचं एकमत झालं की तुमचा निम्मा प्रश्न सुटला, मित्र काय म्हणतो, व्हिडिओवाला काय म्हणतो, याला नंतरची जागा.

काही गाड्यांत नुसतं डॉट लिहून भागत नाही. फोक्सवॅगन-स्कोडा वाल्यांनी मॅन्युअलमध्ये व्हीडब्ल्यू ५०१ १४ असा नंबर दिसतोय का बघावं, ते डॉट ४ च आहे पण पातळ जातीचं. त्याबद्दल पुढे बोलतोच.

पायरी २: डॉटचे आकडे नेमकं काय सांगतात

डॉट म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं, तिथल्या नियमातून हे वर्ग आले आणि जगभर तेच चालतात. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोचं वेगळं मानक आहे, आयएस ८६५४, बाटलीवर तेही छापलेलं दिसतं. प्रत्येक वर्गाला दोन उत्कलन बिंदू ठरवून दिलेत, एक कोरा आणि एक ओला. कोरा म्हणजे नव्या बाटलीतलं फ्लुइड कमीत कमी किती डिग्रीला उकळेल, आणि ओला म्हणजे त्यात ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर किती डिग्रीला उकळेल.

डॉट ३ : कोरा २०५, ओला १४० डिग्री सेल्सिअस.
डॉट ४ : कोरा २३०, ओला १५५.
डॉट ५.१ : कोरा २६०, ओला १८०.

हे कमीत कमी आकडे आहेत, चांगल्या कंपनीचं फ्लुइड याच्या वर असतं. पण लोक नेहमी कोरा आकडा बघतात आणि मी सांगतो की ओला आकडा बघा, कारण तुमच्या गाडीत कोरं फ्लुइड फारच थोडे दिवस असतं. वरचे आकडे परत बघा, नवं कोरं डॉट ३ २०५ ला उकळतं आणि पाणी ओढलेलं डॉट ४ १५५ ला. म्हणजे आज टाकलेलं साधं डॉट ३ हे चार वर्षं जुन्या डॉट ४ पेक्षा घाटात कितीतरी जास्त विश्वासाचं आहे! मला या अख्ख्या लेखात हेच सांगायचंय, आकडा कुठला त्यापेक्षा किती ताजं आहे याला जास्त किंमत आहे. मामांच्या गाडीच्या झाकणावर डॉट ४ च लिहिलं होतं.

आणि १५५ म्हणजे खूप वाटेल, पाणी तर १०० ला उकळतं, पण घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवला तर डिस्क दोन-तीनशे डिग्रीच्या वर आरामात जाते, ती उष्णता पॅडमधून पिस्टनला, पिस्टनमधून फ्लुइडला. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, घाट संपल्यावर लगेच चहाला गाडी थांबवली तर वारा लागायचा बंद होतो आणि कॅलिपरमधल्या फ्लुइडचं तापमान काही वेळ अजून वाढतं. म्हणजे चहा पिऊन निघताना पहिलाच ब्रेक खाली जाऊ शकतो. तापलेल्या ब्रेकवर गाडी थांबवण्याआधी दोन-तीन किलोमीटर सपाटीला निवांत चालवा आणि निघताना जागच्या जागी पेडल दाबून बघा.

पायरी ३: डॉट ५ च्या वाटेला जाऊ नका

आकडा वाढला म्हणजे माल चांगला, असं वाटून लोक डॉट ५ मागतात. डॉट ५ हे वेगळंच प्रकरण आहे, ते सिलिकॉनचं असतं, रंग बहुधा जांभळा. ते पाणी ओढत नाही, गाडीचा रंग खराब करत नाही, म्हणून अमेरिकन लष्कराच्या, वर्षानुवर्षं गोडाऊनमध्ये उभ्या राहणाऱ्या गाड्यांत आणि काही जुन्या मोटरसायकलींत ते वापरलं गेलं. पण त्यात बारीक हवा अडकून राहते, पेडल स्पंजसारखं लागतं आणि एबीएसवाल्या गाडीत (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) तर ते चालतच नाही, कारण एबीएसचे व्हॉल्व्ह एका सेकंदात कित्येक वेळा उघडझाप करतात, त्यात ते फेसाळतं. भारतात १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, म्हणजे तुमच्याकडची गाडी बहुतेक एबीएसवालीच असणार. शिवाय आधीच्या ग्लायकॉलमध्ये डॉट ५ मिसळतच नाही, तेलपाण्यासारखं वेगळं राहतं.

नावाचा घोटाळा असा की डॉट ५.१ नावाचं जे आहे ते मात्र डॉट ३ आणि ४ च्याच घरातलं आहे, ग्लायकॉलचंच. एका टिंबाचा फरक आणि आत जमीन-अस्मानाचं अंतर. ऑनलाइन मागवताना हे टिंब डोळ्यात तेल घालून बघा.

पायरी ४: डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालेल का?

चालतं. डॉट ३, ४ आणि ५.१ एकमेकांत मिसळतात, आणि झाकणावर डॉट ३ असेल तर डॉट ४ टाकायला सहसा हरकत नसते, फक्त पूर्ण बदलून टाका म्हणजे फायदा मिळेल. जुन्या डॉट ३ मध्ये वरून दोन घोट डॉट ४ टाकून गाडी डॉट ४ ची होत नाही. उलट दिशेनं मात्र जाऊ नका, म्हणजे डॉट ४ लिहिलंय तिथं स्वस्त पडतं म्हणून डॉट ३ नाही टाकायचं. फार जुनी गाडी असेल, जपून ठेवलेली, मूळ रबरवाली, तर तिला जे लिहिलंय तेच द्या.

डॉट ५.१ घ्यावं का? रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला गरज नाही. ज्यांचं घाटात सतत जाणं-येणं आहे, गाडी कायम भरलेली असते, त्यांनी घेतलं तर वाईट नाही, पण आधी मॅन्युअलमध्ये परवानगी आहे का बघा, आणि महाग टाकलंय म्हणून चार वर्षं बघायचं नाही असं करू नका, तेही पाणी ओढतंच. रेसिंगचं डॉट ४ म्हणून जे मिळतं, कोरा बिंदू ३०० च्या वर, ते ट्रॅकवाल्या लोकांसाठी, ते लोक ते वरचेवर बदलतात. आपल्या रोजच्या गाडीला त्याचा उपयोग नाही.

आता ते पातळ जातीचं. ईएसपी किंवा ईएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) असलेल्या नव्या गाड्यांत संगणक स्वतः एकेका चाकाचा ब्रेक क्षणभर दाबतो आणि सोडतो, बारीक छिद्रांतून फ्लुइड चटकन वाहायला हवं, थंडीत घट्ट फ्लुइड वाहायला वेळ लावतं. म्हणून कमी घट्टपणाचं डॉट ४ निघालं, बाटलीवर एलव्ही किंवा आयएसओ ४९२५ क्लास ६ असं लिहिलेलं असतं. नियमातला आकडा सांगायचा तर उणे ४० डिग्रीला साध्या डॉट ४ ला १८०० (चौरस मिलिमीटर प्रति सेकंद) पर्यंत घट्टपणा चालतो आणि क्लास ६ ला फक्त ७५०. नागपूरच्या उन्हाळ्यात याचा फरक जाणवणार नाही, पण हिवाळ्यात स्पिती-लडाखला जाणाऱ्यांना नक्की जाणवेल. तुमच्या मॅन्युअलमध्ये क्लास ६ मागितलं असेल तर तेच घ्या, दुकानदार "डॉट ४ सगळं सेम असतं" म्हणाला तरी.

पायरी ५: बाटली हातात घेऊन बघा

बॉश, कॅस्ट्रॉल, मोतुल, नाहीतर तुमच्या गाडीच्या कंपनीचं स्वतःचं, कुठलंही घ्या, ब्रँडवरून वाद घालण्यात अर्थ नाही. या गोष्टी मात्र बघाच. झाकणाखालचं सील अखंड आहे का, बाटली बनल्याची तारीख आणि मुदत काय आहे, आणि बाटली दुकानाच्या बाहेर उन्हात लटकवलेली तर नव्हती ना. सुटं फ्लुइड, म्हणजे मोठ्या कॅनमधून पाण्याच्या बाटलीत ओतून दिलेलं, फुकट दिलं तरी घेऊ नका. गॅरेजमध्ये काम करून घेत असाल तर सरळ सांगा, "दादा, सीलपॅक बाटली माझ्यासमोर उघडा." चांगला मिस्त्री यावर रागावत नाही.

किती लागेल? नुसतं थोडं भरायला २५० मिली खूप झालं, पूर्ण बदलायला साधारण अर्धा ते एक लिटर. एक लिटर घेतलं आणि अर्धं उरलं तर ते पुढच्या दोन वर्षांसाठी माळ्यावर ठेवू नका, उघडलेल्या बाटलीतलं पण पाणी ओढतं. म्हणून मी अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या घेतो, दुसरी लागली तरच उघडतो, नाहीतर परत करतो. काही शे रुपयांची वस्तू आहे, चार टायरच्या किमतीपुढे काहीच नाही.

पायरी ६: आत्ता गाडीत जे आहे ते कसं आहे?

लेव्हल मिन-मॅक्सच्या मध्ये असायला हवी. कमी दिसली की लगेच ओतू नका, आधी विचार करा की कमी का झाली. ब्रेक पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो, त्याच्यामागे जास्त फ्लुइड जातं आणि डबीतली लेव्हल उतरते, हे नॉर्मल आहे. अशा वेळी वरून मॅक्सपर्यंत भरलं आणि मग नवीन पॅड टाकले तर पिस्टन आत ढकलताना फ्लुइड उलटं येऊन डबीतून ओसंडतं आणि इंजिन रूमचा रंग खातं. पॅड चांगले आहेत आणि तरी लेव्हल उतरतेय तर गळती आहे, चाकांच्या आतल्या बाजूला ओल, पेडलच्या वर ओल, शोधा. बऱ्याच गाड्यांत हायड्रॉलिक क्लच पण याच डबीतून फ्लुइड घेतो, तिकडची गळती पण तपासा. गळती सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नका.

रंग बघा पण रंगावर निर्णय सोडू नका. नवं फ्लुइड मधापेक्षा फिकं, जवळजवळ पाण्यासारखं किंवा हलकं पिवळं असतं, काळपट-तपकिरी झालं की वेळ झाली हे नक्की, पण स्वच्छ दिसणाऱ्या फ्लुइडमध्येही पाणी असू शकतं, पाणी डोळ्याला दिसत नाही. बाजारात पेनासारखा टेस्टर मिळतो, टोक बुडवलं की हिरवा-पिवळा-लाल दिवा लागतो, तो अंदाजासाठी ठीक आहे, पण तो विजेची वाहकता मोजतो आणि ती प्रत्येक कंपनीच्या फ्लुइडची वेगळी असते, शिवाय डबीतलं फ्लुइड आणि खाली कॅलिपरमधलं फ्लुइड सारखं नसतं. लाल लागला तर बदलाच. हिरवा लागला पण तारीख उलटून गेलीय, तरी बदला.

तारीख म्हणजे किती? बहुतेक मॅन्युअलमध्ये दोन वर्षांच्या आसपास किंवा ठरावीक किलोमीटर, जे आधी होईल ते. तुमच्या मॅन्युअलमधला आकडा धरा. सेकंडहँड घेतलीय आणि जुना हिशोब नाही, तर बदललेलं नाहीच असं धरून पहिल्याच आठवड्यात बदलून टाका. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना वाटतं की रिजनरेशनमुळे, म्हणजे वेग कमी करायचं काम बरंचसं मोटरच करते त्यामुळे, ब्रेक कमी वापरतो म्हणून फ्लुइड टिकेल, पॅड टिकतात हो, फ्लुइड नाही टिकत, पाणी तर ओढणारच.

पायरी ७: बदलताना काय होतं, काय बघायचं

पहिल्यांदा करत असाल तर स्वतः एकट्यानं करू नका, जाणत्या माणसाजवळ उभं राहून बघा. ब्रेकचं काम आहे, इथं अंदाजपंचे नको. पण समजून घ्या म्हणजे गॅरेजमध्ये नुसती डबी पिचकारीनं रिकामी करून वर नवं भरलं आणि "झालं" म्हणाले तर तुम्हाला कळेल की झालेलं नाही, कारण पाइपात आणि कॅलिपरमध्ये जुनंच आहे, आणि उकळतं ते तिथलंच.

खरी पद्धत अशी. डबीतलं जुनं काढून नवं भरतात. मग एकेका चाकाला, सहसा मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांब असलेल्या चाकापासून, म्हणजे आपल्याकडे मागचं डावं, पण काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो तो मॅन्युअलप्रमाणे. कॅलिपरच्या मागे एक छोटं निपल असतं, त्याच्यावर रबरी टोपी. टोपी काढून पारदर्शक नळी लावायची, नळीचं दुसरं टोक थोड्या फ्लुइडात बुडालेलं. एक जण गाडीत, एक जण चाकापाशी. खालचा ओरडतो "दाब", वरचा हळू पेडल दाबून म्हणतो "धरलंय", खालचा रिंग पान्यानं निपल पाव आटा सैल करतो, काळपट फ्लुइड नळीतून सर्रकन येतं, वरच्याचा पाय खाली जातो, आणि पाय खालीच असताना निपल बंद, मग "सोड". पाय आधी सोडला तर हवा आत ओढली जाते, त्यामुळे वरच्यानं ऐकल्याशिवाय पाय हलवायचा नाही, यात माझी आणि माझ्या धाकट्या भावाची चांगली जोडी जमलीय. काळं जाऊन नळीत फिकं पिवळं स्वच्छ यायला लागलं आणि एकही बुडबुडा नाही, की ते चाक झालं. दर पाच-सहा दाबांनंतर वरच्या डबीत भर घालत राहायची, ती रिकामी झाली तर हवा मास्टर सिलिंडरमध्ये जाते, आणि तिथून एबीएसच्या युनिटमध्ये गेली तर बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावून पंप चालवल्याशिवाय ती निघत नाही.

काम करताना काही काळज्या. झाकण उघडण्याआधी वरची धूळ पुसा. इंजिन ऑइलला वापरलेला फनेल इथं वापरू नका, त्यातले चार थेंब पण नकोत. बाजूच्या रंगावर ओलं फडकं टाका, कुठं सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता, हे पाण्यात विरघळतं. डोळ्यात उडालं तर पाण्यानं धुवा आणि डॉक्टरकडे जा. काढलेलं जुनं फ्लुइड गटारात नाही, बागेत नाही, कोल्ड ड्रिंकच्या बाटलीत तर अजिबात नाही, घरात लहान मुलं आणि कुत्री-मांजरं असतात आणि हे पोटात गेलं तर विषारी आहे. वेगळ्या कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून गॅरेजला द्या.

हेच सगळं डिस्क ब्रेकवाल्या बाइकलाही लागू आहे, हँडलवरच्या छोट्या डबीच्या झाकणावर बघा, तिथंही लिहिलेलं आहे, आणि ती डबी तर पावसात थेट भिजते.

काम झाल्यावर इंजिन बंद असताना पेडल दाबून बघा, टणक लागलं पाहिजे, मग इंजिन चालू करून, पेडल थोडं खाली जाईल ते बूस्टरमुळे (पायाचा जोर वाढवणारा भाग), ते बरोबर आहे. पाय दाबून अर्धा मिनिट धरा, पेडल हळूहळू खाली सरकत गेलं तर कुठंतरी गळतंय. मग कंपाउंडमध्येच दहाच्या स्पीडला दोन-तीनदा ब्रेक मारा आणि निपलांपाशी ओल आहे का परत बघा, त्याशिवाय गेटबाहेर पडू नका. आणि मास्किंग टेपचा एक तुकडा घेऊन त्याच्यावर पेनानं तारीख, किलोमीटर आणि "डॉट ४" असं लिहून बोनेटच्या आतून चिकटवा. मामांच्या गाडीला आता तसा तुकडा आहे, आणि यावर्षी ती तारीख बघून त्यांनी स्वतःहून मला फोन केला.